कामावरून काढल्याची किंमत

कामावर घेण्यासाठी आपल्याकडे शब्द मोजके आहेत. काढण्यासाठी मात्र भरपूर. नाव कापले, घरी बसवले, नारळ दिला, ब्रेक दिला, गेट बंद केले, 'उद्यापासून येऊ नको' म्हणाले. यातला शेवटचा प्रकार सर्वांत जास्त घडतो आणि त्याचा कागद कुठेच नसतो. मुकादम सकाळी हजेरी घेताना एक नाव वाचत नाही, एवढेच. ज्याचे नाव वाचले गेले नाही तो झाडू हातात घेऊन थोडा वेळ उभा राहतो आणि परत फिरतो. त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने काय घडले, त्याची भरपाई काय आणि ती भरपाई गेल्या पन्नास वर्षांत कशी बदलत गेली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कायम नोकरीतल्या माणसाला मिळणारे संरक्षण आणि रोजंदारीवरच्या माणसाला मिळणारे संरक्षण यांच्यात जे अंतर आहे, ते आपल्या देशात बऱ्याच अंशी जातीचेच अंतर आहे.

हे काही नवे निरीक्षण नव्हे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते स्वच्छ मांडले होते. रेल्वेत अस्पृश्य हा गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो; गिरण्यांत विणकाम खात्याचे दार त्याला बंद असते. म्हणजे कामगार हा एकच वर्ग असला, तरी त्या वर्गात कोणत्या पायरीवर कोणी उभे राहायचे हे जात ठरवते. आणि जिथे पायरी खालची तिथे नोकरी कच्ची. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा झाला. नोकरीच्या अटी, गैरवर्तन म्हणजे काय, कामावरून कसे काढता येईल, हे मोठ्या कारखान्याच्या मालकाला आता लेखी ठरवून, मंजूर करून घेऊन लावावे लागले. मालकाची लहर प्रथमच कागदावर बांधली गेली.

त्यानंतर १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा. त्यात १९५३ साली कामगार-कपातीचे प्रकरण घातले गेले, आणि आपल्या विषयाचा गाभा तिथे आहे. कलम २५-एफ सांगते की, ज्याने एक वर्ष सलग सेवा केली आहे त्याला काढायचे असेल तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस द्या किंवा तेवढा पगार द्या. आणि काढतानाच, नंतर नव्हे, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्या. सहा महिन्यांहून जास्त झालेले अपुरे वर्षही पूर्ण धरायचे. 'एक वर्ष सलग' म्हणजे काय याचा खुलासा २५-बी मध्ये आहे : काढण्याच्या आधीच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असले की पुरे.

या २४० च्या आकड्याबद्दल आपल्या वस्त्यांत एक गैरसमज पक्का बसला आहे. २४० दिवस भरले की माणूस कायम झाला, असे सांगणारे कार्यकर्ते पुष्कळ भेटतात. केंद्रीय कायद्यात तसे नाही. २४० दिवसांनी मिळतो तो नोटिशीचा आणि भरपाईचा हक्क, कायमपणाचा नव्हे. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत २४० दिवस अखंड काम केलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला कायम करण्याची तरतूद होती, आणि त्यामुळे हे दोन हक्क लोकांच्या बोलण्यात एक झाले. दाव्याच्या कागदात ते एक झाले की दावा फसतो.

दुसरा गैरसमज ब्रेकचा. २९ दिवसांची किंवा ८९ दिवसांची नेमणूक द्यायची, मध्ये एक दिवस तोडायचा, पुन्हा नवा आदेश काढायचा, ही आपल्या कचेऱ्यांची जुनी युक्ती. एक दिवसाच्या तोडीने २४० ची बेरीज मोडत नाही, कारण ही बेरीज दिवसांची आहे, आदेशांची नव्हे. रविवार आणि पगारी सुट्ट्याही तीत धरायच्या, असे १९८५ साली अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तेव्हा ब्रेकला घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे ते हजेरीपटावर दुसऱ्याचे नाव लागण्याला, किंवा आपले नाव आज एका कंत्राटदाराच्या आणि उद्या दुसऱ्याच्या यादीत जाण्याला.

त्या काळच्या निकालांत एक तेज होते हे मान्य केले पाहिजे. १९६५ पर्यंत एकट्या कामगाराला काढले तर तो 'औद्योगिक विवाद'च होत नसे. संघटनेने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी त्याची बाजू उचलावी लागे. ज्याच्या खात्यातले बाकीचे त्याच्या हातचे पाणी पीत नव्हते, त्याची बाजू कोण उचलणार होते? २-ए हे कलम आले आणि एकट्याच्या बडतर्फीलाही विवादाचा दर्जा मिळाला. १९७१ साली ११-ए आले. शिक्षा जास्त वाटली तर ती बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. १९७६ साली स्टेट बँकेच्या एका तात्पुरत्या रोखपालाच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी ठरवले की, कोणत्याही कारणाने सेवा संपवली तरी ती कपातच. नेमणुकीच्या आदेशातच शेवटची तारीख लिहून ठेवली म्हणून मालक सुटत नाही. त्या रोखपालाचा शेवटचा आदेश अवघ्या नऊ दिवसांचा होता. १९७८ साली हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात न्या. देसाई यांनी सामान्य नियम सांगितला : काढणे बेकायदेशीर ठरले, तर माणूस पूर्ववत कामावर आणि मधल्या काळाचा पूर्ण पगार. अपवाद करायचा तर कारण मालकाने दाखवावे. (त्या खटल्यात कंपनीची स्थिती पाहून ७५ टक्के मागील वेतन दिले गेले.)

यामागचा तर्क साधा आहे. नोटीस नाही, भरपाई नाही, म्हणजे काढण्याची अटच पाळली गेली नाही. तेव्हा ते काढणे मुळातच शून्य. जे झालेच नाही त्याची किंमत कशी करणार? माणूस नोकरीत होताच, त्याला फक्त आत येऊ दिले जात नव्हते.

याच तर्काला पुढे पाझर फुटला. १९८४ साली कायद्यातच एक पोटकलम घातले गेले : ठरावीक मुदतीचा करार मुदत संपल्यावर वाढवला नाही, तर ती कपात नव्हे. नऊ दिवसांच्या आदेशाने जे साधले नव्हते ते आता कायद्यानेच साधून दिले. आणि १० एप्रिल २००६ रोजी घटनापीठाचा उमादेवी निकाल आला. सरकारी सेवेत स्पर्धा, जाहिरात, निवड या घटनेने सांगितलेल्या वाटेने न आलेल्याला केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून नियमित करता येणार नाही, असे त्यात ठरले. 'मागच्या दाराने प्रवेश' हा शब्द तेव्हापासून न्यायालयाच्या बोलण्यात रुळला. हा निकाल नियमित करण्याबद्दल होता, बेकायदा काढण्याबद्दल नव्हता. पण त्याची सावली काढण्याच्या प्रकरणांवरही पडली. ज्याला कायम करता येत नाही त्याला परत कामावर तरी का घ्यायचे, काही रक्कम देऊन प्रकरण मिटवा, असा कल दिसू लागला.

एक प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. गटारात उतरायला, मैल्याची गाडी ओढायला, इस्पितळाची मोरी धुवायला माणूस कोणत्या दाराने आत येतो? त्या कामासाठी पुढचे दार कधी उघडलेले असते का? नोकरभरतीवर बंदी, मंजूर पदे रिकामी आणि काम मात्र रोजचे. दार मालकानेच मागे केले आणि ठपका आत येणाऱ्यावर ठेवला.

आता रकमा पाहू. १६ जुलै २००९ रोजी हरियाणाच्या कृषी पणन मंडळाच्या एका रोजंदारी कामगाराचे काढणे २५-एफ मोडून झाले हे मान्य करूनही सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामावर घेण्याऐवजी ५०,००० रुपये दिले. त्याची सेवा वर्षभराचीही पुरती नव्हती हे खरे, पण त्याला काढले होते १९९६ साली. २०१० साली भोपाळच्या तार खात्यातील रोजंदारी कामगारांना प्रत्येकी ४०,००० रुपये मिळाले. तेही दोन दशकांहून जुने प्रकरण. २०१३ साली भारत संचार निगमच्या प्रकरणात रक्कम ३ लाखांपर्यंत गेली.

या रकमांचा अर्थ कळण्यासाठी एक हिशेब मांडून पाहा. समजा, महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या झाडूवालीने सहा वर्षे काम केले. मालकाला कायदा पाळून तिला काढायचे आहे. नोटिशीऐवजी एका महिन्याचे १२,०००. दर वर्षाचे १५ दिवस म्हणजे ६,००० याप्रमाणे सहा वर्षांचे ३६,०००. एकूण ४८,००० रुपये, आणि तेही त्याच दिवशी रोख. आता दुसरा मालक एक पैसाही न देता तिला हाकलतो. ती समेट अधिकाऱ्याकडे जाते, कामगार न्यायालयात जाते, निकाल तिच्या बाजूने लागतो, मालक उच्च न्यायालयात जातो, दहा-बारा वर्षे निघून जातात आणि शेवटी तिच्या हातावर ५०,००० ठेवले जातात. दहा वर्षांत रुपयाचे मोल किती घसरले ते सोडा; वकिलाची फी, तारखांचे एस.टी. भाडे आणि बुडालेल्या रोजंद्या सोडा. कायदा पाळणारा आणि कायदा मोडणारा यांना एकच दर लागला, एवढे तरी ध्यानात घ्यावे. मग कोणता शहाणा मालक आजच्या ४८,००० ऐवजी दहा वर्षांनंतरचे ५०,००० पसंत करणार नाही?

यात आणखी एक तोटा लपलेला आहे. कामावर घेण्याचा आदेश झाला आणि मालक त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात गेला, तर अपील चालू असेतो कामगाराला शेवटच्या दराने पगार द्यावा लागतो. हे १७-बी कलम १९८४ पासून आहे आणि गरीब माणसाला खटला लढत ठेवणारी ती एकमेव शिदोरी आहे. पण आदेशच नुसत्या रकमेचा झाला तर ही शिदोरी नाही. मालक रकमेविरुद्धही वर जातो आणि कामगार रिकाम्या हाताने वाट पाहतो. शिवाय सेवा जोडली गेली नाही म्हणजे ग्रॅच्युइटी गेली, सफाई खात्यात असेल तर खोली गेली, मुलांच्या शाळेच्या कागदावरचा 'नोकरी' हा रकाना गेला. या गोष्टी भरपाईच्या आकड्यात कोणी धरत नाही.

न्यायालय एकाच सुरात बोलत होते असे मात्र नव्हे. २०१० च्या जानेवारीत पंजाब राज्य वखार महामंडळाच्या प्रकरणात न्या. सिंघवी यांनी या रकमेच्या वाटेवर कडक टीका केली आणि उच्च न्यायालयाने रक्कम देऊन वाटेला लावलेल्या कामगाराला परत कामावर घ्यायला लावले. आणि आपल्या दृष्टीने त्याहून मोलाचा निकाल महाराष्ट्राचा आहे : २८ ऑगस्ट २००९ चा, राज्य परिवहन महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना. एस.टी.च्या गाड्या झाडणारे-धुणारे रोजंदारी कामगार वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवले होते. महामंडळाने उमादेवी निकाल पुढे केला. न्यायालयाने सांगितले की, उमादेवीने महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखालचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार काढून घेतलेला नाही. कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून माणसांना वर्षानुवर्षे बदली वा तात्पुरते ठेवणे ही त्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातली अनुचित प्रथा आहे; पदे असतील आणि प्रथा सिद्ध झाली तर कायम करण्याचा आदेश देता येतो. हरियाणाच्या कामगाराला ५०,००० देणारा निकाल आणि हा निकाल, दोन्ही न्या. लोढा यांच्याच लेखणीचे, मध्ये दीड महिन्याचे अंतर. फरक कशाने पडला? एक माणूस 'मला काढले' एवढेच म्हणत होता. दुसरीकडे संघटना म्हणत होती, 'आम्हाला ज्या रीतीने ठेवले तीच बेकायदा आहे.' दावा कसा मांडावा याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानेही याच दिशेने लढून २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा मिळवला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी तो सर्वोच्च न्यायालयात टिकला.

अगदी अलीकडे वारे थोडे फिरले आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्यापुढे केंद्रीय जल आयोगाच्या कचेरीत झाडलोट आणि बागकाम करणाऱ्यांचे प्रकरण आले. दोन दशकांच्या आसपास काम घेऊन त्यांना २०१८ साली एका आदेशाने घरी बसवले होते. न्यायालयाने ते काढणे रद्द केले, त्यांना नियमित करायला सांगितले आणि उमादेवी निकालाचा ढालीसारखा गैरवापर होत असल्याचे स्पष्ट म्हटले. मधल्या काळाचा पगार मात्र दिला नाही, सेवा धरली. ३१ जानेवारी २०२५ रोजी याच पीठाने गाझियाबाद नगर निगमच्या माळ्यांना पुन्हा कामावर घेऊन ५० टक्के मागील वेतन देण्याचा आदेश दिला. या माळ्यांना काढले होते २००५ साली. वीस वर्षांनी मिळालेला न्याय म्हणून त्याचे कौतुक करायचे की वीस वर्षे लागली म्हणून खंत करायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

मागील वेतनाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. 'मधल्या काळात तू दुसरीकडे कमावत होतास' हे मालकाचे ठरलेले उत्तर. महाराष्ट्रातल्याच एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने क्रम घालून दिला : काढलेल्या माणसाने शपथेवर सांगावे की आपल्याला दुसरी नोकरी नव्हती, मग कमावत होता हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. पोट भरण्यासाठी भंगार वेचणे किंवा नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करणे ही नोकरी नव्हे, हे आपल्या वकिलाने ठासून मांडले पाहिजे. कामगाराने ते लपवण्याचे कारण नाही. लपवले आणि उलटतपासणीत निघाले, तर सगळीच साक्ष खोटी ठरते.

शिक्षक वाचकांनी ध्यानात ठेवावे की, शिक्षकाला औद्योगिक कायद्यात 'कामगार' मानत नाहीत. खाजगी शाळांसाठी महाराष्ट्राचा १९७७ चा वेगळा कायदा आहे. काढल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे. न्यायाधिकरण कामावर घ्यायला लावू शकते; न घेतल्यास दहा वर्षांवर सेवा असेल तर बारा महिन्यांचा आणि कमी असेल तर सहा महिन्यांचा पगार ही भरपाईची मर्यादा. संस्थाचालक या आकड्याचा हिशेब आधीच करून ठेवतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायदा आणि १९४६ चा स्थायी आदेश कायदा या दोहोंची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. एक महिन्याची नोटीस, वर्षामागे १५ दिवस, एकट्याच्या बडतर्फीला विवादाचा दर्जा, अपील चालू असताना पगार, अनुचित प्रथांची यादी, हे सारे नव्या कलमांत आले आहे. कपात झालेल्याला आणखी १५ दिवसांचे वेतन नव्या निधीतून मिळायचे आहे. पण स्थायी आदेश आता ३०० कामगार असतील तिथेच लागतात, आणि कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगीही ३०० पासूनच; पूर्वी दोन्हीकडे १०० होते. मुदतीचा करार हा आता नोकरीचा मान्य प्रकार आहे. त्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे, पण मुदत संपली की काढल्याची तक्रार नाही. ज्यांच्या नेमणुका पूर्वी २९ दिवसांच्या असत, त्यांच्या हाती आता अकरा महिन्यांचा करार येतो आहे. त्यावर सही करण्यापूर्वी तो वाचून दाखवणारा कोणी शेजारी असावा.

शेवटी पुराव्याचे. २००२ साली कर्नाटकाच्या वनखात्याच्या प्रकरणात ठरले की, २४० दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे आणि नुसते त्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि भार कामगाराच्या डोक्यावर! पुढे तीनएक वर्षांनी न्यायालयाने थोडा दिलासा दिला : कामगाराने शपथेवर साक्ष द्यावी, हाती असेल तो कागद दाखवावा आणि मस्टर हजर करण्याची मागणी करावी, मालकाने ते दडवले तर त्यावरून प्रतिकूल अनुमान काढता येते. म्हणून मागणीचा अर्ज चुकवू नये. प्रत्येक वस्तीत एक साधी वही ठेवावी : तारीख, कामाची जागा, मुकादमाचे नाव, सोबत कोण होते. भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, ई.एस.आय. कार्ड, बँकेच्या पासबुकातली पगाराची नोंद, गणवेश आणि हातमोजे मिळाल्याची पावती, सारे जपावे; आणि सगळ्या कागदांवर नाव एकाच रीतीने लिहिले आहे ना, हे नोकरी चालू असतानाच पाहून घ्यावे. काढल्यावर त्याच आठवड्यात 'मला कामावर घ्या' असे पत्र नोंदणीकृत टपालाने धाडावे, म्हणजे 'तो स्वतःच यायचा थांबला' हे उत्तर मालकाला देता येत नाही. दाद मागण्याची मुदत जुन्या कायद्यात २०१० पासून तीन वर्षांची होती. संहितेत ती दोन वर्षांची आहे, आणि मुकादमाने ज्या सकाळी नाव वाचले नाही त्या तारखेपासून ती मोजायची.